भुवई नसलेले भुवई बदक



सप्टेंबरात पाऊस अजून पुरता ओसरलेला नसतो, आणि गोदावरी-कादवा संगमावरच्या नांदूर मध्यमेश्वरच्या पाण्यावर लहान चणीच्या बदकांचे थवे उतरू लागतात. उत्तरेकडून येणाऱ्या रानबदकांतले हे अगदी पहिले पाहुणे. दुर्बिणीतून पाहावे तर सगळी सारखी: तपकिरी, खवल्याखवल्यांची, पाण्याच्या मधोमध चोच पाठीत खुपसून झोपलेली. थव्यात पन्नास असोत की पाचशे, पुस्तकात नराचा म्हणून जो रंग छापलेला असतो तो एकाही अंगावर दिसत नाही. मग वहीत नोंद होते, 'चक्रांग किंवा भुवई बदक, सर्व माद्या'. नोंद साधी वाटते, पण तिचे दोन अर्धे एकाच माणसाने लिहिले आहेत यावर विश्वास बसू नये इतके ते वेगळे आहेत. पहिल्या अर्ध्यात तो जात ठरवायला कचरतो, आणि ते योग्यच आहे. दुसऱ्या अर्ध्यात मात्र शेकडो पक्ष्यांचे लिंग तो एका दमात ठरवून मोकळा होतो. आज या नोंदीचीच उलटतपासणी करायची आहे. माझे म्हणणे असे की हिवाळी बदकाची ओळख हे डोळ्यांनी केलेले काम नसून अनुमानाने केलेले काम आहे, आणि आपण ज्या खुणेवर सर्वांत जास्त विसंबतो, म्हणजे नराच्या रंगीत पिसाऱ्यावर, ती आपल्या पाणथळींवर सर्वांत कमी भरवशाची आहे.

अनुमान हा शब्द मी न्यायशास्त्रातल्या अर्थाने वापरतो आहे. डोंगरावर धूर दिसतो. आग दिसत नाही. धूर हे लिंग, म्हणजे खूण. 'जिथे धूर तिथे अग्नी' ही व्याप्ती, म्हणजे खूण आणि वस्तू यांचे न तुटणारे साहचर्य. ही व्याप्ती पक्की असेल तरच डोंगरावर आग आहे असे म्हणता येते. आणि जी खूण वस्तू असताना दिसते पण वस्तू नसतानाही दिसते, तिला नैयायिक सव्यभिचार हेतू म्हणतात. हा हेत्वाभास, खोटा पुरावा. पक्षिनिरीक्षणाला हे शास्त्र जसेच्या तसे लागू पडते. पाण्यावर आपल्याला 'भुवई बदक' ही जात कधीच दिसत नाही. दिसतात त्या खुणा. तपकिरी रंग, आकार, डोळ्यावरची रेघ, पंखावरची पट्टी. यातली कोणती खूण जातीला घट्ट बांधलेली आणि कोणती दोन्ही घरी नांदणारी, एवढाच सगळा प्रश्न आहे.

दोन्ही दावेदार आधी नीट पाहू. चक्रांग, शास्त्रीय नाव अ‍ॅनास क्रेक्का, हे आपल्याकडे येणाऱ्या लहान बदकांतले सर्वांत परिचित. लांबी साधारण ३४ ते ३८ सेंटिमीटर. पूर्ण वेषातल्या नराचे डोके तांबूस, डोळ्याभोवती मागे उतरत जाणारा हिरवा पट्टा, आणि शेपटीखाली दोन्ही बाजूंना लोणी फासावे तसा पिवळसर डाग. भुवई बदक, कोणी भिवई बदकही म्हणतात, त्याहून किंचित मोठे, ३७ ते ४१ सेंटिमीटर. चोच थोडी लांब आणि दणकट. त्याच्या नराच्या डोळ्यावरून मानेपर्यंत उतरणारी रुंद पांढरी कमान इतकी ठसठशीत असते की एकदा पाहिलेला माणूस ती विसरत नाही. छाती तपकिरी, कुशी फिक्या राखाडी, आणि दोहोंमधली सीमा सुरीने कापल्यासारखी. कार्ल लिनियस यांनी दोन्ही जातींचे वर्णन १७५८ साली केले आणि दोघींना एकाच वंशात, अ‍ॅनासमध्ये, बसवले. या रंगीत नरांची गल्लत कोणीही करणार नाही. त्यांच्या भोवतीचे तपकिरी पक्षी पाहू लागलो की आकार कामाला येत नाही, कारण भुवई बदकाचा लहानातला लहान पक्षी चक्रांगाच्या मोठ्यातल्या मोठ्या पक्ष्याहून एका सेंटिमीटरने लहानच भरतो, आणि दोनशे मीटरवरून, उन्हाच्या थरथरीत, सेंटिमीटर मोजणारी दुर्बीण अजून निघालेली नाही. तपकिरी रंग तर दोन्हीकडे. दोन्ही खुणा सव्यभिचार.

आता 'सर्व माद्या' या शब्दांकडे वळू. बदकांच्या नरांचा एक विलक्षण क्रम आहे. उत्तरेकडे वीण आटोपली, मादी अंड्यांवर बसली, की नर आपला झगझगीत पिसारा उतरवतो आणि मादीसारखा तपकिरी वेष घेतो. इंग्रजी पक्षिशास्त्रात या अवस्थेला 'इक्लिप्स' म्हणतात, म्हणजे ग्रहण. शब्द छान आहे. आपणही ग्रहणवेष म्हणू. याच सुमारास उडण्याची सगळी मोठी पिसे एकदम गळतात आणि नर तीनचार आठवडे उडूच शकत नाही. अशा वेळी भडक रंग मिरवण्यापेक्षा बोरूत लपून राहणे बरे. पुढे पंख नवे येतात, पक्षी दक्षिणेला निघतो, आणि वाटेत किंवा मुक्कामी पोचल्यावर अंगावरची पिसे दुसऱ्यांदा बदलून पुन्हा रंगीत होतो. चक्रांगाचे बहुतेक नर हे काम नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत उरकतात. भुवई बदकाचा नर मात्र रेंगाळतो. त्याचे ग्रहण जानेवारीपर्यंत, पुष्कळदा फेब्रुवारीतही सुटलेले नसते. म्हणजे आपल्याकडच्या मुक्कामाचा मोठा भाग तो भुवईशिवायच काढतो. मादीला फिकट भुवई असते खरी, पण या जातीचे नाव काही तिच्यावरून पडलेले नाही. नाव नवऱ्याच्या चेहऱ्यावरून ठेवले, लागले सगळ्या घराला, आणि नवराच अर्धा हिवाळा ते नाव सार्थ करत नाही.

इथे एक चांगला आक्षेप येतो, आणि तो हसण्यावारी नेता येणार नाही. काही बदकांत नर आणि मादी खरोखरच वेगवेगळ्या प्रदेशांत हिवाळा काढतात. पोचार्ड या बुडी मारणाऱ्या बदकात माद्या नरांपेक्षा जास्त दक्षिणेला जातात, हे चांगले अभ्यासलेले आहे. चक्रांगातही नर थोडे उत्तरेला रेंगाळतात. मग भुवई बदकाच्या माद्याच तेवढ्या महाराष्ट्रात येतात असे का नसावे? असू शकले असते. म्हणूनच 'नर ग्रहणवेषात असतात' एवढे पुस्तकी ज्ञान या प्रश्नाला पुरेसे उत्तर नाही. उत्तर थव्याकडूनच घ्यावे लागते, आणि थवा ते देतो, पण फक्त उडताना. सप्टेंबरातला तो 'सर्व माद्यां'चा थवा ससाण्याच्या धाकाने उठला की कित्येक पक्ष्यांच्या पंखांचा पुढचा भाग फिक्या निळसर राखाडी रंगाने चमकून जातो. दुरून तो जवळजवळ पांढराच भासतो. हा पंख भुवई बदकाच्या प्रौढ नराचा. मादीचा तोच भाग करडा-तपकिरी असतो. म्हणजे थव्यात नर होतेच, माद्यांच्या शेजारी माद्यांसारखे झोपलेले. पाण्यावर जे दडले होते ते हवेत उघडे पडले.

असे का व्हावे, याचे कारण कळल्याशिवाय ही व्याप्ती पक्की म्हणता येणार नाही. नाही तर तो नुसता ठोकताळा ठरेल. कारण पिसांच्या हिशेबात आहे. अंगावरची पिसे नर वर्षातून दोनदा बदलतो, म्हणून त्याला दोन वेष. पंखाची मोठी पिसे तो वर्षातून एकदाच बदलतो. हजारो किलोमीटर उडायचे असेल तर ती दोनदा गाळणे परवडणारे नाही. एकदाच बदलतात म्हणून पंखाला दुसरा वेष नाही. ग्रहण अंगाला लागते, पंखाला लागत नाही. सप्टेंबर असो, जानेवारी असो की एप्रिल, प्रौढ नराच्या पंखाची नक्षी तीच. पहिल्या हिवाळ्यातल्या तरुण नरांचा पंख थोडा मळकट राखाडी असतो, एवढा अपवाद लक्षात ठेवावा. धुरामागे ओले लाकूड असते तसे या खुणेमागे एक यंत्रणा आहे, म्हणून मी तिला इतर सगळ्या खुणांच्या वर बसवतो.

पंखावर नेमके काय पाहायचे ते जरा विस्ताराने सांगतो, कारण पुस्तकांत ते बहुधा एका ओळीत उरकलेले असते. बदकाच्या पंखाच्या मागच्या कडेजवळ एक चकाकती पट्टी असते. पक्षिनिरीक्षक तिला स्पेक्युलम म्हणतात. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ आरसा. चक्रांगाचा आरसा काळा-हिरवा. पण हा हिरवा रंग पिसांच्या सूक्ष्म रचनेतून, प्रकाशाच्या खेळातून निर्माण होतो. कोन बदलला की तोच काळा दिसतो. म्हणून आरशावर भिस्त ठेवू नये, त्याच्या चौकटीवर ठेवावी. आरशाच्या पुढेमागे दोन पांढऱ्या रेघा असतात. चक्रांगात पुढची रेघ रुंद आणि मागची बारीक. उडत्या पक्ष्यात पंखाच्या मध्यावर एक ठळक पांढरा पट्टा दिसतो आणि मागची कड जेमतेम जाणवते. भुवई बदकाच्या नरात दोन्ही रेघा जवळजवळ सारख्या रुंद. मादीचा आरसा मंद तपकिरी, हिरवी झाक असलीच तर नावाला; पण तिच्या पंखाची मागची पांढरी कड स्पष्ट उठून दिसते. पांढरा रंग कोनानुसार बदलत नाही, सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हातही टिकतो. मला विचाराल तर हिवाळी लहान बदकांच्या ओळखीत 'पांढरे पुढे जाड की मागे' हा एक प्रश्न बाकी दहा प्रश्नांना भारी आहे.

यावर लगेच कोणी म्हणेल, पंख दिसला तर ना! ही बदके दिवसा झोपतात, रात्री भातखाचरांत आणि उथळ पाण्यात चरतात. दिवसाउजेडी मिटलेल्या पंखाचा इवलासा तुकडा दिसला तरी नशीब. तक्रार खरी आहे. तेव्हा पाण्यावर बसलेल्या पक्ष्याचा चेहरा वाचावा लागतो. चक्रांगाच्या मादीचा चेहरा साधा. डोळ्यातून जाणारी एक गडद रेघ, आणि शेपटीच्या बुडाशी बाजूला एक फिकट आडवी रेघ. या शेवटच्या खुणेकडे फार दुर्लक्ष होते. खरे तर चोच पाठीत खुपसून झोपलेल्या पक्ष्याचीही ती दिसते. चोचीच्या मुळाशी पुष्कळदा नारिंगी झाक असते. भुवई बदकाच्या मादीचा, आणि ग्रहणवेषातल्या नराचाही, चेहरा पट्ट्यापट्ट्यांचा: डोळ्यावर फिकट भुवई, डोळ्यातून गडद रेघ, तिच्याखाली पुन्हा फिकट पट्टा, आणि गालावर दुसरी गडद रेघ. चोचीच्या मुळाशी फिकट ठिपका, गळा पांढरा, चोच एकरंगी करडी. मात्र ही सगळी चिन्हे कमी-जास्त होतात. चक्रांगाच्या एखाद्या मादीचा गाल पट्टेरी वाटू शकतो. भारतात क्वचितच भरकटून येणाऱ्या बैकल टीलच्या मादीलाही चोचीच्या मुळाशी ठिपका असतो, आणि तो भुवई बदकाच्या ठिपक्यापेक्षा गोल आणि आखीव. म्हणून चेहऱ्याचा पुरावा साक्षीदारासारखा वापरावा; तीन-चार साक्षी जुळल्या तर मानावे, एकट्यादुकट्या साक्षीवर निकाल देऊ नये. पंख हा त्या मानाने दस्तऐवज आहे.

थव्याच्या पातळीवर आणखी एक पुरावा मिळतो, आणि तो कशाच्या तरी नसण्याचा आहे. काही मीमांसकांनी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले, पण एका अटीवर: वस्तू असती तर ती दिसायलाच हवी होती, अशी परिस्थिती असली पाहिजे. याला योग्यानुपलब्धी म्हणतात. आता जानेवारीचा मध्य घ्या. या वेळी चक्रांगाचे बहुतेक नर पूर्ण रंगात आलेले असतात. समोर तीनशे लहान बदके आहेत आणि रंगीत नर एकही नाही, तर हा थवा चक्रांगांचा असण्याची शक्यता फारच कमी. तोच थवा सप्टेंबरात असता तर या 'नसण्या'ला काडीची किंमत नव्हती, कारण तेव्हा दोन्ही जाती ग्रहणात असतात. म्हणजे तेच निरीक्षण एका महिन्यात पुरावा आणि दुसऱ्या महिन्यात शून्य. पाय घसरतो तो मिश्र थव्यापाशी. तीनशेंत चक्रांगाचे दहा-बारा सजलेले नर दिसले की बाकी तपकिरी पक्षी त्यांच्या माद्या समजून सगळा थवा चक्रांगांच्या खात्यावर जमा होतो. पाणवठ्यावर शेजारी बसले म्हणून कोणी कोणाच्या घरचे होत नाही.

हा घोटाळा आपल्याकडे रुजला त्यात पुस्तकांचाही वाटा आहे. भुवई बदक युरोपात उन्हाळी पाहुणे आहे. तिथल्या पाणथळी बदकांतली जवळजवळ ही एकच जात थंडीत सगळीच्या सगळी खंड सोडून जाते. तिचा हिवाळा सहाराच्या दक्षिणेला आफ्रिकेत, भारतीय उपखंडात आणि आग्नेय आशियात. मार्चमध्ये ती युरोपात परतते तेव्हा नर नुकता सजलेला असतो. साहजिकच तिथल्या चित्रकाराने, तिथल्या लेखकाने, तिथल्या निरीक्षकासाठी तो वेष रंगवला. त्यांचे काहीच चुकले नाही. चूक आपली, की माहेरच्या लग्नातला फोटो हातात धरून आपण प्रवासातल्या माणसाला स्टेशनावर शोधतो आहोत. जुन्या शिकारी जमान्यात हे अज्ञान नव्हते. ह्यूम आणि मार्शल यांचा हिंदुस्थानातल्या शिकारी पक्ष्यांवरचा तीन खंडांचा ग्रंथ १८७९ ते १८८१ दरम्यान निघाला. काँग्रेसच्या स्थापनेशी ज्यांचे नाव जोडलेले आहे तेच हे अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम. या पिढीच्या हातात मेलेले बदक असे, पंख पसरून पाहायला कोणाची आडकाठी नव्हती. बंदूक गेली हे चांगलेच झाले. पण बंदुकीबरोबर पंखाचे वाचनही गेले, आणि दुर्बिणीच्या पिढीने ते पुन्हा कमावण्याऐवजी तरंगत्या बदकाच्या चित्रावर समाधान मानले.

पंखाच्या साक्षीला मी एवढे महत्त्व देतो याला दुसऱ्याच दिशेने दुजोरा मिळाला आहे. १९९९ साली जॉन्सन आणि सोरेन्सन यांनी बदकांच्या मायटोकाँड्रियल डीएनएवर आधारलेली वंशावळ प्रसिद्ध केली. तिच्यातून आणि नंतरच्या अभ्यासांतून स्पष्ट झाले की भुवई बदक चक्रांगाचे जवळचे नातलग नाहीच. त्याचे सगोत्र म्हणजे आपला थापट्या, फावड्यासारख्या चोचीचा, आणि अमेरिकेतली निळ्या पंखांची लहान बदके. म्हणून आता त्याला अ‍ॅनास वंशातून काढून थापट्याच्या स्पॅट्युला वंशात ठेवतात. पूर्ण नाव स्पॅट्युला क्वेर्क्वेड्युला. या सगळ्या गोतावळ्यात समान काय? पंखाचा निळसर पुढचा भाग. थापट्याचा नर उडताना पाहा, खांदा निळा. लहान अंग, तपकिरी वेष, उथळ पाण्यातली राहणी यांवर विसंबून आपण ज्यांना भावंडे ठरवले ती वरवरची सारखी निघाली, आणि ज्या चिन्हाकडे काणाडोळा केला तेच कुळाचे चिन्ह निघाले. मी याचा अर्थ ताणत नाही. पंखावरची प्रत्येक नक्षी नाते सांगते असा नियम नाही, आणि एका उदाहरणावरून तो करूही नये. शिवाय याच नात्यामुळे एक नवी गल्लत संभवते: थापट्याच्या मादीचाही खांदा निळसर करडा असतो, तेव्हा घाईत तिला भुवई बदक म्हणून बसू नये. सुदैवाने तिची चोच लपत नाही.

आता सर्वांत व्यवहारी आक्षेप. बदक ते बदक. एकूण आकडा नीट आला म्हणजे झाले, तपकिरी पक्ष्यांची जात काढत बसण्याची चैन कोणाला परवडते? याला उत्तर आकड्यांच्याच भाषेत द्यावे लागेल. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. पाणथळीचे आंतरराष्ट्रीय महत्त्व ठरवणाऱ्या रामसर कराराचे, इराणमधल्या रामसर गावी १९७१ साली झालेल्या कराराचे, दोन निकष पक्ष्यांच्या संख्येवर उभे आहेत. एक म्हणतो, पाणथळीत नियमितपणे २०,००० किंवा अधिक पाणपक्षी असावेत. इथे 'बदक ते बदक' चालेल. दुसरा म्हणतो, एखाद्या जातीच्या समुदायातले किमान १ टक्का पक्षी तिथे नियमितपणे असावेत. इथे जात चुकली की गणितच चुकले. महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ नांदूर मध्यमेश्वर. उजनी, जायकवाडी यांसारख्या जलाशयांसाठी उद्या असा दावा करायचा झाला, तर जानेवारीच्या वह्यांतल्या तपकिरी पक्ष्यांचे काय झाले हे कोणी तरी विचारणारच. आणि योगायोग पाहा: गणनेचा महिना नेमका तो, जेव्हा भुवई बदकाचा नर अजून भुवईविना असतो.

दोन्ही जातींचे नशीबही सारखे नाही. चक्रांग हिवाळ्यात पश्चिम युरोपापासून जपानपर्यंत पसरलेले असते. एका प्रदेशातली पाणथळ आटली तर जातीला दुसरे आसरे आहेत. भुवई बदकाला युरोपात हिवाळी आसरा नाही. त्याचा हिवाळा आफ्रिकेतल्या साहेल पट्ट्यातल्या पुरांवर आणि आपल्या तळ्या-खाचरांवर अवलंबून आहे. आज ही जात जागतिक पातळीवर संकटग्रस्त नाही. पण तिची संख्या घटती आहे असे आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेची नोंद सांगते. अशी घट आपल्या गणनेत दिसावी, तर भुवई बदके चक्रांगांच्या रकान्यात जाऊन चालणार नाही. एकाची घट दुसऱ्याच्या भरतीत विरून जाईल आणि बेरीज मात्र सुंदर दिसेल. १९२० च्या दशकात धारच्या महाराजांनी मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सहकार्याने बदकांच्या पायांत कडी घालायला सुरुवात केली, आणि पुढे साठच्या दशकात भरतपूरला सोसायटीने हे काम मोठ्या प्रमाणावर केले. सोव्हिएत प्रदेशातून त्या कड्यांचे निरोप आले आणि स्थलांतराच्या वाटा नकाशावर उमटल्या. त्या निरोपांना किंमत होती, कारण कडे घालताना पक्षी हातात होता, पंख उघडून पाहता येत होता. पुढच्या सगळ्या ज्ञानाची इमारत त्या पहिल्या ओळखीवर उभी राहिली.

कॅमेऱ्याने आणि मोबाइलमधल्या अ‍ॅपने हा प्रश्न निकालात काढला असे अलीकडे ऐकू येते. कॅमेऱ्याचे उपकार मी नाकारत नाही. उडत्या थव्याचा एक बरा फोटो पंखावरच्या पांढऱ्या रेघा गोठवून ठेवतो, डोळ्याला जे क्षणभर दिसले ते घरी शांतपणे पाहता येते. पण मिटल्या पंखाने झोपलेल्या तपकिरी पक्ष्याच्या फोटोत जे नाही ते अ‍ॅप कुठून आणणार? ते नाव सुचवते. नावामागची खूण सांगण्याची जबाबदारी त्याच्यावर नसते, ती नोंद करणाऱ्यावर असते. अ‍ॅपने 'चक्रांग' म्हटले म्हणून 'चक्रांग' लिहिणे हे शब्दप्रमाण झाले, आणि शब्द प्रमाण मानायचा तर बोलणारा आप्त असावा लागतो, म्हणजे वस्तू स्वतः जाणणारा.

राहता राहिला तो संकोच. 'ओळखू आले नाही' असे लिहिणे अनेकांना कमीपणाचे वाटते, आणि जुनी जाणती मंडळी तर ते जास्तच टाळतात. अनिश्चित नोंदींनी माहिती वाया जाते, असेही म्हटले जाते. मला हे पटत नाही. 'लहान तपकिरी बदके, २४०, जात अनिश्चित' या नोंदीत २४० ही संख्या आहे, गट आहे, स्थळ आहे, तारीख आहे, आणि नोंद करणाऱ्याने कुठे थांबायचे ते ओळखले याचा पुरावाही आहे. ती पुढे कधीही वापरता येते. उलट अंदाजाने लिहिलेले 'चक्रांग, २४०' पुढे कोणालाच सोडवता येत नाही, कारण खरे चक्रांग आणि अंदाजाचे चक्रांग छापील तक्त्यात सारखेच दिसतात. हेही कबूल करतो की हा रकाना आळशाला सोयीचा आहे. प्रत्येक अवघड पक्षी त्यात ढकलून घरी जाता येईल. त्यावर उपाय रकाना बंद करणे हा नव्हे. अनिश्चित लिहिताना कोणती खूण पाहायची राहून गेली ते लिहावे: पंख दिसला नाही, पक्षी झोपलेले होते, ऊन समोरून होते. असे लिहावे लागले की आळशाचीही थोडी तपासणी होतेच.

तेव्हा येत्या जानेवारीत गणनेला जाणाऱ्यांना माझी विनंती मर्यादित आहे. लहान बदकांच्या प्रत्येक आकड्यापुढे दोन शब्दांत खूण लिहा, 'मागची कड पांढरी', 'शेपटीशी रेघ', जे दिसले असेल ते. 'सर्व माद्या' हे शब्द थवा उडताना पाहिल्याशिवाय लिहू नका. तांबडे फुटायच्या आधी बांधावर पोचा, म्हणजे चरून परतणारे थवे उघड्या पंखांनी तुमच्या डोक्यावरून पाण्यात उतरतील. आणि जमले तर मार्च लागल्यावर त्याच पाण्यावर पुन्हा एक फेरी मारा. तोवर नरांच्या भुवया उगवलेल्या असतात, लाकडी फणीच्या दात्यांवरून नख ओढावे तसा त्यांचा कोरडा कर्रर्र आवाजही ऐकू येऊ लागतो, आणि जानेवारीत आपण काय लिहिले होते ते ताडून पाहता येते.